आइस अ‍ॅक्स पाठीवर नाही, हातात

मे महिना लागला की नागपुरातल्या बऱ्याच घरांत थर्मल, लोकरी टोप्या आणि जाड हातमोजे बाहेर निघतात. पारा पंचेचाळीसच्या घरात, कूलरच्या ताट्यांतून पाणी ठिबकतंय, आणि हॉलमध्ये सतरंजीवर हिमालयाचं सामान मांडलेलं. परीक्षा संपलेल्या असतात, दिल्लीच्या गाडीचं रिझर्वेशन कधीच झालेलं असतं. कुणी सारपासला निघालेलं असतं, कुणी हम्त्याला, कुणी रुपिनला, हिमालयातल्या बर्फाच्या खिंडी, म्हणजे पास, ओलांडायला. या दिवसांत ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा मला फोन येतो, "काकू, आइस अ‍ॅक्स न्यायची का?"

या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही. कारण विचारणाऱ्याला वाटत असतं की हा सामानाच्या यादीतला एक प्रश्न आहे. टॉर्च न्यायचा का, थर्मास न्यायचा का, त्यातलाच. आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुदळीसारखी छोटी कुऱ्हाड, त्या यादीत बसत नाही. टॉर्च विकत आणला की तो उजेड देतो. आइस अ‍ॅक्स विकत आणली म्हणून ती काहीही करत नाही.

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. डोंगर म्हणजे आपल्यासाठी रामटेकचा गड, चिखलदरा, पचमढी. नागद्वारच्या यात्रेत भर पावसात लोखंडी शिड्या चढून आलेली माणसं विदर्भात घरोघरी सापडतील. त्यांच्या पायांत ताकद आहे, छातीत दम आहे, ओल्या दगडावर आणि मुरमाड पायवाटेवर पाऊल कसं टाकायचं हे त्यांच्या अंगात मुरलंय. नसते ती बर्फाची ओळख, आणि ती कमी तिथे जाईपर्यंत कळतही नाही. मुरमावर पाय घसरला तर ढोपर फुटतं, हात खरचटतात आणि माणूस थांबतो. रात्रभर गोठलेल्या बर्फावर तो थांबत नाही. अंगावर नायलॉनचं जॅकेट, पायांत तसलीच पँट, खाली घट्ट, गुळगुळीत झालेला बर्फ. घर्षण जवळपास उरतच नाही. उतार तीस अंशांच्या पुढे गेला की वेग क्षणाक्षणाला वाढतो. पहिल्या एक-दोन सेकंदांत थांबलं तर थांबलं, नंतर खाली जे काही असेल तेच थांबवतं. खाली सपाट मैदान असेल तर कपडे झटकून उठायचं. खाली खडक असतील, ओढा असेल किंवा कडा असेल तर उठायचा प्रश्नच येत नाही.

मी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला तो उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत. बचेंद्री पाल १९८४ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचल्या, त्या याच संस्थेत शिकलेल्या होत्या. त्यांच्यानंतरच्या काही वर्षांत मुलींची जी लाट उत्तरकाशीकडे गेली, त्यातली मी एक. टेकलाच्या खडकांवर चढाईचे धडे झाले, मग डोकरानी बामक हिमनदीवर नेलं, आणि तिथे आमच्या हातात आइस अ‍ॅक्स दिली. सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, तर ती धरून चालायला. चढायला नाही, बर्फ फोडायला नाही. नुसतं चालायला. तेव्हा आम्हाला घाई झालेली असायची, पण आज कुणाला शिकवायची वेळ आली तर मीही तिथूनच सुरुवात करते.

माझ्याकडे आज आहे ती साधी, सरळ दांड्याची चालायची अ‍ॅक्स आहे. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, पोलादी डोकं. डोक्याच्या एका बाजूला किंचित खाली वाकलेलं, आतून दाते पाडलेलं टोक, म्हणजे पिक. दुसऱ्या बाजूला आडवं रुंद पातं, त्याला अ‍ॅड्झ म्हणतात; त्याने बर्फात पायऱ्या खोदतात, तंबूसाठी जागा सपाट करतात. दांड्याच्या खालच्या टोकाला टोकदार स्पाइक. दांड्यावर गोलात इंग्रजी 'बी' कोरलेला असतो, म्हणजे ती साध्या वापराची. 'टी' असेल तर दांडा जास्त ताण सोसणारा, खड्या चढाईसाठीचा. आपल्याला पास ओलांडायचा असेल तर 'बी' पुरते. लांबीचा जुना ठोकताळा असा की सरळ उभं राहून अ‍ॅक्स डोक्याकडून धरून हात सैल सोडला की स्पाइक घोट्यापाशी यावा. मध्यम उंचीच्या माणसाला साठ-पासष्ट सेंटीमीटर ठीक. त्याहून लांब घेतली तर सपाटीवर काठीसारखी बरी वाटते, पण पडल्यावर छातीशी आवरत नाही. आणि वजन वाचवायला डोकंसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचं असलेली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. शंभर-दीडशे ग्रॅम वाचतात खरे, पण कडक बर्फात तिचं टोक घुसत नाही, आणि नेमकी तिथेच तर तिची गरज असते.

आता न्यायची कधी? डिसेंबर-जानेवारीत केदारकांठ्याला जाणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. पुढे गेलेल्या शेकडो पावलांनी तुडवलेली वाट असते, पायात मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायच्या छोट्या दातांच्या साखळ्या, आणि हातात काठी असली की बहुतेक दिवस निभावतं. तिथे पाठीला अ‍ॅक्स लावून फिरणारे फोटोत छान दिसतात, त्यापलीकडे उपयोग नाही. पण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला रुपिन पासला निघाला असाल तर गोष्ट वेगळी. पास साधारण ४,६५० मीटरवर, आणि वर पोचायच्या आधी बर्फाने भरलेली एक अरुंद, खडी घळ चढावी लागते. बुरान घाटीची उतरण तशीच. अशा ठिकाणी आडवं जायचं असतं किंवा सरळ वर, आणि ट्रेकिंग पोल तिथे कामाचा नाही. पोल तोल सावरतो, पडलेल्याला थांबवत नाही. पडलेल्या माणसाचं वजन त्यावर आलं की तो वाकतो, मोडतो किंवा हातातून निसटतो.

तर, चालणं. अ‍ॅक्स नेहमी डोंगराच्या बाजूच्या हातात, म्हणजे चढ ज्या अंगाला आहे त्या हातात. डोकं मुठीत, अंगठा पात्याच्या खाली, बोटं पिकवरून. आधी दांडा बर्फात खुपसायचा, मग एक पाऊल, मग दुसरं. दोन्ही पाय स्थिर झाले की मगच अ‍ॅक्स उपसून पुढे रोवायची. पाय हलताना अ‍ॅक्स रोवलेली आणि अ‍ॅक्स हलताना पाय रोवलेले. नागमोडी चढताना वळणावर डोंगराची बाजू बदलते, म्हणून हातही बदलावा लागतो. नवखी माणसं हमखास इथेच गडबडतात, कारण वळायचं, हात बदलायचा आणि पाऊल टाकायचं ही तीन कामं ती एकदम करायला जातात. थांबावं, दोन्ही पाय नीट ठोकून घ्यावेत, हात बदलावा, मग वळावं. मागच्याला थांबावं लागलं तर थांबू दे.

पाऊल सुटलंच, तर रोवलेल्या दांड्यावर दोन्ही हातांनी भार टाकायचा. दांडा खोल गेलेला असेल तर माणूस जागच्या जागी राहतो, घसरण सुरूच होत नाही. याला सेल्फ बिले म्हणतात. लोकांना भुरळ पडते ती सेल्फ अरेस्टची, म्हणजे घसरत चाललेल्या माणसाने अंगाखाली अ‍ॅक्स दाबून स्वतःला थांबवण्याची. पण माझ्या लेखी आइस अ‍ॅक्सचं निम्म्याहून जास्त काम या साध्या खुपसण्यात आहे. आणि ते काम पाठीवरच्या सॅकला अडकवलेली अ‍ॅक्स करू शकत नाही. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट जागी उभं राहून ती काढून हातात घ्यायची. उतारावर मधोमध पोचल्यावर भीती वाटली म्हणून सॅक उतरवायला गेलेला माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

गिर्यारोहणाच्या इतिहासातल्या दोन गोष्टी मी मुलांना आवर्जून सांगते, आणि दोन्ही १९५३ च्या आहेत. पहिली तेनसिंग नोर्गे यांची. २९ मेच्या त्या शिखरावरच्या फोटोत त्यांनी उंच धरलेली, झेंडे बांधलेली आइस अ‍ॅक्स आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण त्याच्या महिनाभर आधी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे हिमनदीच्या फुटलेल्या उतारावर, एडमंड हिलरी यांच्या पायाखालचा बर्फ ढासळला आणि ते हिमभेगेत पडले. तेनसिंग यांनी त्या क्षणी अ‍ॅक्स बर्फात खुपसली, दोर तिच्याभोवती गुंडाळला आणि हिलरींना रोखून धरलं. शिखरावर हिलरींच्या बरोबर जायला तेनसिंगच कसे, याचं अर्धं उत्तर मला तरी त्या खुपसण्यात दिसतं.

दुसरी गोष्ट १० ऑगस्टची, केटू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरची. चार्ल्स ह्यूस्टन यांची अमेरिकन तुकडी सुमारे साडेसात हजार मीटरवरून खाली येत होती. आर्ट गिल्की या साथीदाराच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्याला दोरावर बांधून वादळातून उतरवणं चाललं होतं. कुणा एकाचा पाय सुटला, त्याने दुसऱ्याला ओढलं, दोर दोरांत अडकले आणि पाच जण घसरत निघाले. वर सव्वीस वर्षांचा पीट शोनिंग उभा होता. गिल्कीचा दोर त्याच्याकडे होता, आणि त्याची लाकडी दांड्याची अ‍ॅक्स बर्फात गोठलेल्या एका दगडामागे आधीच रोवलेली होती. ते पाचही आणि सहावा गिल्की, सगळ्यांचा भार त्या एका अ‍ॅक्सवर आणि शोनिंगच्या कमरेवर आला, आणि तो टिकला. गिल्की त्याच दिवशी पुढे हरपला, पण बाकी सगळे जिवंत परतले. मला या गोष्टीत शोनिंगच्या ताकदीपेक्षा 'आधीच रोवलेली' हे जास्त महत्त्वाचं वाटतं. धक्का बसल्यावर अ‍ॅक्स शोधायला त्याला वेळ मिळालाच नसता.

यंदा आमच्या बिल्डिंगमधली, आर्किटेक्चरला असलेली मुलगी रुपिनला निघाली आहे. ती अ‍ॅक्स मागायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, देते, पण आधी माझ्या हॉलमध्ये दोन-तीन संध्याकाळी यायचं. नागपुरात बर्फ कुठून आणणार? पण सेल्फ अरेस्टमध्ये अर्धं काम अंगाच्या सवयीचं असतं, आणि ती सवय गादीवरही लागते. दिवाणावरची गादी काढून जमिनीवर टाकली, वरची बाजू सोफ्याला टेकवून थोडा उतार केला. अ‍ॅक्सच्या पिकला, पात्याला आणि स्पाइकला रबरी टोपणं घातली. कूलर फुल्लवर. तरी पाच मिनिटांत तिचा कुडता घामाने भिजला.

अ‍ॅक्सचं डोकं उजव्या हातात, पातं उजव्या खांद्याच्या वर, मान आणि खांद्याच्या मधल्या खळग्याशी. दांडा छातीवरून तिरपा. डावा हात दांड्याच्या खालच्या टोकाशी, डाव्या कमरेजवळ, स्पाइक मुठीत झाकलेला, म्हणजे तो मांडीत घुसत नाही. आता पाठीवर पडून घसरत आहोत असं समजायचं आणि पालथं व्हायचं. कुठल्या अंगावर? डोकं ज्या हातात आहे त्या अंगावर, म्हणजे उजवीकडे. ती पहिल्यांदा डावीकडे वळली आणि स्पाइक गादीत अडकून दांडा तिच्या हातातून हिसकला गेला. खऱ्या उतारावर तोच स्पाइक बर्फात आधी रुतला असता आणि अ‍ॅक्स हातातून उडाली असती. मी काही बोलले नाही, ती स्वतःच "ओह" म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली. पालथं झाल्यावर छातीचा सगळा भार दांड्यावर, तोंड पात्यापासून दुसरीकडे वळवलेलं, गुडघे फाकवून बर्फावर दाबलेले, पोट किंचित उचललेलं. पायात नुसते बूट असतील तर त्यांची टोकं बर्फात रुतवायची. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लांब पोलादी दाते, असतील तर पाय वर उचलून फक्त गुडघ्यांवर; वेगात असताना क्रॅम्पॉनचे दात अडकले तर घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो.

तिची आजी दिवाणाच्या फळीवर बसून हे सगळं पाहत होती. "अन् हे घेऊन गेली अन् तरी पडली तं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, पडल्यावर थांबता यावं म्हणूनच तर हे चाललंय." त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी नात आळस करत होती तेव्हा "जा ना वो, काकू वाट पाहून राहिली" म्हणून त्यांनीच तिला धाडलं.

पोटावर, पाय खाली असं घसरणं, हा प्रकार सोपा. पाठीवर, पाय खाली, तो जरा अवघड. डोकं खाली आणि पोटावर असाल तर अ‍ॅक्स एका बाजूला लांबवर रोवायची, म्हणजे तिच्याभोवती शरीर फिरून पाय खाली येतात, मग नेहमीसारखं थांबायचं. डोकं खाली आणि पाठीवर, हा सगळ्यात वाईट. त्यात पिक कमरेच्या बाजूला रोवून आधी पाय फिरू द्यायचे आणि मग पालथं व्हायचं. हे शेवटचे दोन गादीवर नीट शिकवता येत नाहीत. ते बर्फावरच, हेल्मेट घालून, क्रॅम्पॉन काढून, आणि जिथे खाली मोकळं, सपाट मैदान आहे अशाच छोट्या उतारावर करायचे. डोकरानी बामकवर आम्ही ते इतके केले की रात्री स्लीपिंग बॅगमध्ये कूस बदलतानाही हात छातीशी जायचे. एकदा दाखवलं आणि झालं, असं हे काम नाही. घसरायला लागल्यावर आठवायला वेळ नसतो.

आणि इतकं करूनही तिच्या मर्यादा आहेत, त्या लपवून ठेवणं बरोबर नाही. पहाटेच्या काचेसारख्या कडक बर्फावर पिक नुसतं घासत जातं. दुपारी ऊन खाऊन तोच बर्फ आपल्याकडच्या रंगीत गोळ्यासारखा भुसभुशीत होतो आणि पिक त्यातून काहीही न पकडता सरकतं. म्हणून पासवर जायला रात्री दोन-तीनला निघतात: बर्फ पाय धरण्याइतका घट्ट असावा आणि ऊन तापायच्या आत खडा भाग मागे पडावा. उतार फार खडा असेल तर चांगली शिकलेली माणसंही थांबू शकत नाहीत, तिथे दोर लागतो. आणि हिमस्खलनापुढे तर आइस अ‍ॅक्सचं काहीच चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा या शिखरावर माझ्याच संस्थेच्या तुकडीवर बर्फ कोसळला आणि २९ जण गेले. त्यांत एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्या बातमीनंतर कित्येक दिवस मला माझ्या अ‍ॅक्सकडे बघवत नव्हतं. हातात साधन आहे म्हणून ज्या उतारावर आपण एरवी गेलोच नसतो त्या उतारावर जायचं, हा तिचा सगळ्यात घातक उपयोग.

बर्फावरून बसून घसरण्याबद्दलही बोलायला हवं, कारण सारपासहून परतलेली प्रत्येक टोळी तेच व्हिडिओ दाखवते. खालचा भाग सपाट आणि मोकळा दिसत असेल, पुढे वाटाड्या गेलेला असेल, तर त्यात मजा आहे आणि ती घ्यावी. पण मायक्रोस्पाइक किंवा क्रॅम्पॉन पायात ठेवून कधीही नाही, आणि उताराचा शेवट दिसत नसेल तर मुळीच नाही.

हे मी तिला सांगत असताना तिने माझ्यासमोरच ट्रेकच्या लीडरला फोन लावला. पासच्या आधी बर्फावर सराव होणार का, कुठल्या उतारावर, किती वेळ, आणि अ‍ॅक्स प्रत्येकाला मिळणार की फक्त वाटाड्याकडे असणार. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. धबधब्याच्या वरच्या कॅम्पवर एक दिवस मुक्काम आहे, तिथे दुपारी सराव घेऊ, असं ठरलं. लीडरला हे प्रश्न आवडले असावेत. असे प्रश्न प्रत्येकाने पैसे भरायच्या आधी विचारावेत. चांगला लीडर त्यांना कधी कंटाळत नाही, आणि कंटाळणाऱ्याबरोबर बर्फावर जाऊ नये.

माझी अ‍ॅक्स आता तिच्याकडे आहे. सॅकला कशी लावायची तेही दाखवलंय: दांडा लूपमधून घालून उलटा वर फिरवायचा, स्पाइक वर, पिक आतल्या बाजूला, तिन्ही टोकांना टोपणं, गाडीच्या गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागायला नको. जाताना ती दिल्लीपर्यंत रेल्वेने जाईल. परतीचं मात्र विमान आहे, तेव्हा अ‍ॅक्स चेक-इनच्या सामानातच टाकायची, हँडबॅगेत नाही, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.